कोऱ्या तळाच्या सिंहाची व्यवस्था

मी, ऊर्मिला चारुदत्त वर्तक, माहेरची गानू, वय वर्षे एकोणपन्नास, राहणार लुडविग्सहाफेन, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर काही नातेवाईक अधिक सुखात राहिले असते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. नवऱ्याचा तगादा आहे, पण पंचवीस वर्षांच्या संसारानंतर त्याला कोणी दडपण म्हणत नाही. प्रकृती ठणठणीत आहे आणि नजीकच्या काळात मरण्याचा माझा काही बेत नाही.

इथल्या कायद्याप्रमाणे घरी केलेले मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वहस्ते लिहावे लागते. टाईप केले की बाद. ज्या देशात पाळीव कासवाचीसुद्धा सरकारदरबारी नोंद करावी लागते, तिथे माणसाच्या अखेरच्या इच्छेला वहीचे फाडलेले पान चालते, हे मला फार आवडले. मराठीत लिहिलेलेही चालते. न्यायालय शपथेवरचा भाषांतरकार नेमील. त्या गृहस्थांना आधीच विनंती करून ठेवते, की टोमण्यांचे भाषांतर करत बसू नये. ज्यांना ते लागायचे त्यांना मराठीतच लागतात.

यापूर्वीचा, जूनमध्ये केलेला खर्डा मी याद्वारे रद्द करते. त्यात तसे एकच वाक्य होते. माझा थोरला भाऊ श्रीधर दिनकर गानू, राहणार झिंडेलफिंगेन, याला माझ्या मालमत्तेतले काहीही, अगदी चहाची गाळणीसुद्धा, मिळू नये.

तो खर्डा कसा झाला आणि का रद्द झाला हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत. चारुदत्त म्हणजे माझा नवरा, रसायनशास्त्रज्ञ. घरात कोणीतरी मेल्यावर उरलेल्याची धावपळ होऊ नये म्हणून त्याने एक जाडजूड 'नोटफाल-ओर्डनर' केला आहे, म्हणजे आणीबाणीची फाईल. विमा, पासपोर्ट, गॅसवाल्याचा नंबर, सगळे रंगीत पट्ट्या लावून. एकच कप्पा रिकामा होता, मृत्युपत्राचा. जेवताना तो म्हणाला, "आपल्याला मूल नाही, आईवडील कोणाचेच नाहीत. आपण काही लिहून ठेवलं नाही तर इथला कायदा तुझ्या मालमत्तेतला वाटा श्रीधरला देतो."

म्हणजे ज्या भावाशी मी नऊ वर्षे एक अक्षर बोलले नव्हते, तो कायद्याच्या दृष्टीने माझा वारस होता. कायद्याला आमचे भांडण कोणी कळवलेच नव्हते. मी ताट सरकवले आणि खर्डा लिहिला.

कलम १. घर. ज्या घरात बसून हे लिहिते आहे ते आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा चारुदत्तला. गच्चीतल्या कढीपत्त्याला आठवड्यातून एकदाच पाणी घालावे. शास्त्रज्ञांनी काळजी घेतलेली झाडे जास्त मरतात.

कलम २. बँकेत जे काही असेल ते चारुदत्तला. किती आहे ते लिहिण्यासारखे नाही, यातच काय ते समजावे.

कलम ३. किरकोळ. जिना पुसायची माझी बादली आणि फडके तळमजल्यावरच्या फ्राऊ कुन्त्स यांना. जिना पुसायची माझी पाळी आली की त्या दाराला पाटी अडकवायच्या आणि मी पुसून झाल्यावर कठड्यावर बोट फिरवून पाहायच्या. आता दोन्ही कामे त्यांनीच करावीत. माझे पितळी पुरणयंत्र, जे मी एकोणीसशे नव्वदमध्ये विमानात मांडीवर घेऊन आले आणि ज्याबद्दल सुरक्षारक्षकांनी माझी पाऊण तास चौकशी केली, ते माझ्या प्रभावहिनींना. पुरणयंत्राबरोबर माझी माफीही. ती कशाबद्दल ते कलम ७ मध्ये येईल.

माझे स्वेटर, पुस्तके आणि चांदीचे डूल माझी भाची अवनी हिला. अवनी ही श्रीधर आणि प्रभावहिनींची मुलगी, वय एकोणीस, कोलोनला शिकते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि नऊ वर्षे या घरातून त्या घरात जाणारी एकमेव व्यक्ती तीच होती. दोन्हीकडच्या चकल्या खाल्ल्या आणि इकडचे तिकडे एक वाक्यही नेले नाही. एवढे शहाणपण तिने कोणाकडून घेतले कळत नाही. गानूंकडून तर नक्कीच नाही.

कलम ४. हत्यारे. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तीन चपट्या पोलादी सुऱ्या, एक लाकडी शिकंजा, काचेची जाड तबकडी आणि चिनी मातीच्या डबीत शेंदरासारखी लाल शाई आहे. ती शाई म्हणजे हिंगूळ, एरंडेल आणि एका झाडपाल्याचे तंतू यांचा मळलेला गोळा. दर महिन्याला हस्तिदंती काडीने ढवळावी, नाहीतर तेल वर येते. चारुदत्तला ढवळता येते. त्याने तिचे पृथक्करण मात्र करू नये. केले होते एकदा.

ही हत्यारे मला शन मास्तरांनी दिली. शन मास्तर हे मूळचे हांगचौचे, नदीपलीकडे मानहाइममध्ये चित्रांच्या चौकटी करायचे दुकान चालवत. मी नव्वद साली इथे आले तेव्हा माझ्या पदवीला इथे कोणी विचारत नव्हते. नवऱ्यामागून आलेल्या बायकांनी करायची कामे म्हणजे जर्मनचा वर्ग, केक, आणि पुन्हा जर्मनचा वर्ग. मास्तरांच्या दुकानात मी काचा पुसायला म्हणून शिरले आणि बारा वर्षे राहिले.

चौकटींच्या मागे, पडद्याआड, मास्तर शिक्के कोरत. चीनमध्ये सही करायच्या जागी शिक्का उठवण्याची चाल जुनी. चित्रकार चित्रावर उठवतो, कवी कवितेवर, संग्राहक दुसऱ्याच्या चित्रावर. त्यासाठी मऊ दगड लागतो. नखाने ओरखडणार नाही, पण सुरी लोण्यात नाही तरी खडीसाखरेत शिरल्यासारखी शिरते. वर सिंह, कासव, काकडी असे काहीतरी कोरलेले, आणि तळावर अक्षरे. ती उलटी कोरायची, म्हणजे कागदावर सुलटी उठतात. अक्षराभोवतीचा दगड काढला तर अक्षर लाल येते. अक्षरच काढले तर ते पांढरे आणि भोवताल लाल.

पहिले सहा महिने मास्तरांनी मला फक्त सरळ रेषा कोरायला लावल्या. तळ भरला की काचेच्या तबकडीवर ओला पॉलिश पेपर ठेवायचा, दगड गोल गोल घासून सपाट करायचा आणि पुन्हा रेषा. एका बोटभर उंच दगडाचे मी बटण करून ठेवले होते.

सातव्या महिन्यात त्यांनी माझ्यासमोर एक शिक्का पूर्ण केला. अक्षर न् अक्षर रेखीव, चौकट काटेकोर. मग सुरी उलटी धरली आणि मुठीने चौकटीच्या कडेवर टक, टक, टक. टवके उडाले. मी ओरडलेच, "मास्तर! अहो, फुकट घालवलात!"

"आता झाला," ते म्हणाले. "मघाशी नुसताच बरोबर होता."

हे वाक्य मी लक्षात ठेवले, आणि पुढे त्याचा उपयोग माणसाला मारायला केला. तेही येईल.

कलम ५. शिक्के. दोन हजार दोन साली मास्तर दुकान बंद करून कॅनडाला मुलीकडे गेले, तेव्हा त्यांनी मला बारा जुने शिक्के दिले. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे, त्यांच्या आजोबांपासून जमवलेले. "माझ्या मुलीला यातलं काही कळत नाही," म्हणाले, "तुला अर्धं कळतं. अर्धं पुरे."

त्यातले दहा मी कोलोनच्या त्या संग्रहालयाला देते, ज्याच्याशी पत्रव्यवहार झाला आहे आणि ज्याची पत्रे फाईलमध्ये हिरव्या पट्टीमागे आहेत. अट एवढीच, की पाटीवर मास्तरांचे नाव असावे, माझे नको. कासवाचा शिक्का चारुदत्तला. तो गेली बारा वर्षे त्याने विजेची बिले दाबून ठेवायला वापरला आहे आणि कासवाची तक्रार नाही.

बारावा शिक्का सिंहाचा.

कलम ६. सिंह. हा मधाच्या रंगाचा, सुमारे सहा सेंटिमीटर उंच दगड. वर बसलेला सिंह मान वळवून मागे पाहतो, आपल्यामागून कोण येतंय ते बघावे तसा. तळावर चार अक्षरे होती. मास्तरांनी त्यांचा अर्थ सांगितला होता, 'रिकाम्या अंगणात चांदणे'. चौकटीची एक बाजू कोरणाऱ्याने जवळजवळ पूर्ण तोडली होती, म्हणजे चांदण्याला आत यायला वाट. बाराही शिक्क्यांत माझा जीव त्याच्यावर.

मे दोन हजार पाचमध्ये माझा चाळिसावा वाढदिवस होता. माझा भाऊ श्रीधर, ज्याला मी दादा म्हणते, तो मोटारीच्या कारखान्यात मोजमाप खात्यात आहे. केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढी चूक त्याला दिसते आणि झोपू देत नाही. त्याला मला काहीतरी स्वतःच्या हाताने केलेले द्यायचे होते. त्याने चारुदत्तला हाताशी धरले. महिनाभर आधी चारुदत्तने माझ्या कपाटातून सिंह काढून त्याच्या हवाली केला, पेटीचे माप घ्यायला म्हणून. मी तेव्हा पुण्याला आईकडे होते. चारुदत्तचा या कटातला सहभाग मला दोन वर्षांनी कळला, तेव्हा माझा राग शिळा झालेला होता, म्हणून तो वाचला.

वाढदिवसाला तीस माणसे. दादाने पेटी पुढे केली. अक्रोडाचे लाकूड, चारही कोपरे बोटांसारखे एकमेकांत गुंफलेले, आत हिरवी मखमल. चार शनिवार-रविवार खपला होता. मी पेटी उघडली. सिंह चकाकत होता. मी त्याला उचलून उलटा केला.

"बघ, आता डुगडुगत नाही," दादा म्हणाला. "आधी उभा राहत नव्हता ग सरळ. तळाला उतार होता, एक कड तर पार तुटलेली. काचेवर ओला पेपर ठेवून हाताने घासलाय हं, मशीनवर नाही घातला. जुना आहे ना." आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. मोजमापाचा अहवाल. तळ सपाट, चारही कोन नव्वद अंश, चूक शतांश मिलिमीटरच्या आत. खाली त्याची सही.

तळ आरशासारखा होता. त्यात मला माझे नाक दिसले.

"दादा, अक्षरं कुठायत?"

"ती झिजलीच होती ग. अर्धी दिसतही नव्हती." मग माझा चेहरा पाहून, जरा अडखळत, "तू कोरतेस ना? मग परत कोर की."

मी तीस माणसांसमोर म्हणाले, "उद्या आईच्या तोंडावरच्या सुरकुत्याही घासून काढ आणि अहवाल दे."

कोणीतरी हसले. दादाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, प्रभावहिनींना म्हणाला, "चल." अवनी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने केक अर्धा टाकला. पेटी टेबलावरच राहिली.

आम्ही नऊ वर्षे बोललो नाही. दोन हजार अकरामध्ये आई गेली तेव्हा पुण्याच्या त्या दोन खोल्यांत तेरा दिवस एकत्र राहिलो आणि प्रभावहिनींमार्फत व्यवहार केला. "यांना विचारा, चहा घेणार का." "त्यांना सांग, झालाय." दोघांच्यामध्ये चार फूट अंतर आणि वहिनी.

आता यंदाच्या ऑगस्टची गोष्ट. शिक्के संग्रहालयाला द्यायचे तर त्यांची रीतसर यादी हवी, म्हणून तिथूनच निवृत्त झालेल्या फ्राऊ ओस्टहाइमर घरी आल्या. सत्तरीच्या, टोकदार, चिनी माझ्यापेक्षा चांगले आणि कॉफी माझ्यापेक्षा काळी. त्यांनी प्रत्येक शिक्क्याच्या बाजूंचे ठसे घेतले. पातळ कागद ओला करून दगडावर बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी हळूहळू थोपटायची. कोरलेले तेवढे पांढरे राहते. शिक्क्याच्या बाजूला कोरणारा बारीक अक्षरांत लिहितो, कोणी, कोणासाठी, कधी.

सिंह मी त्यांना दाखवणारच नव्हते. त्यांनी पेटी पाहिली. "हे काय?" मी म्हटले, "हा मेलेला आहे." त्यांनी उचलला, उलटा केला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि बाजूंवरचे जुने मेण गरम फडक्याने पुसायला लागल्या. मेणाखाली बारीक अक्षरे होती. ती मला नेहमी नक्षी वाटत आली होती. अर्धे कळते ते असे.

ठसा वाळल्यावर त्या म्हणाल्या, "आल्झो, तर मग. इथे पाच ओळी आहेत, वरून खाली. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर कुठाय?"

नव्हते. पाचही ओळी तळाशी येऊन मध्येच तुटत होत्या. एका ओळीचे तर अर्धे अक्षर उरले होते, कमरेपासून वर.

"कोरणाऱ्याला जागेचा अंदाज आला नसेल," मी म्हणाले.

"पाचही ओळींत? तो मूर्ख नव्हता. दगड तेव्हा उंच होता."

"मग... माझ्या भावाने?"

"तुमच्या भावाने किती घासलंय?"

अहवाल पेटीतच होता. वाढदिवसानंतर महिन्याने वहिनींनी तो टपालाने पाठवला होता, एका शब्दाशिवाय. आधीची उंची, नंतरची उंची. फरक एक मिलिमीटरहूनही कमी. फ्राऊ ओस्टहाइमर यांनी तो कागद दोनदा वाचला. "इतका नेमका कागद मला संग्रहालयातही मिळाला नाही," म्हणाल्या. "नाही. गेलेली अक्षरं यात मावत नाहीत. हा दगड त्याच्या आधी निदान दोनदा घासलाय. बाजूला लिहिलंय तसं." आणि त्यांनी दुसऱ्या बाजूचा ठसा दिव्याखाली धरून वाचला. मालक गेला, दगड मित्राकडे आला, मित्राने पहिले नाव काढून स्वतःचे कोरून घेतले. त्याखाली वेगळ्या हाताने, साठ वर्षांनंतरचे: दगड जुना, नाव नवे, आधीच्याची क्षमा मागून घासला.

'रिकाम्या अंगणात चांदणे' हे तिसरे किंवा चौथे भाडेकरू होते.

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असे मी शपथेवर लिहू शकत नाही. चिनी घरांत चांगला दगड असा पुढे पुढे जातो, तळ घासतात, नवे नाव येते, सिंह तोच. मास्तरांनी हे मला सांगितले होते, ऐकताना मी मान डोलावली होती. पण आपल्या दगडाला जगाचे नियम लागू नाहीत असे प्रत्येकाला वाटते. दादा, ज्याला चिनी शिक्क्यातले काही म्हणजे काही कळत नाही, त्याने काच घेतली, ओला पेपर घेतला, गोल गोल घासले आणि म्हणाला, "परत कोर की." अडीचशे वर्षे प्रत्येक जाणत्या मालकाने जे केले आणि जे म्हटले, तेच. फक्त क्षमा मागायचे राहिले. ती मी मागू दिली नाही.

नऊ वर्षे मी ज्याला खून समजत होते तो रिवाज निघाला. मी हसायला लागले. फ्राऊ ओस्टहाइमर यांनी खिडकी उघडली आणि पाणी आणले. मला रडूही येत होते, पण हसू पुढे होते. इतके हलके मला नऊ वर्षांत वाटले नव्हते.

सबब, सिंहाचा शिक्का, अक्रोडाच्या पेटीसह आणि अहवालासह, माझा भाऊ श्रीधर दिनकर गानू याला द्यावा. दगडाची चौथी बाजू आजवर कोरी होती. तिथे मी गेल्या आठवड्यात कोरले आहे. बाजूचा मजकूर उलटा कोरायचा नसतो, त्यामुळे चूक झाली तर लगेच दिसते; दोन झाल्या आहेत. चीनमधल्या दगडावर देवनागरी शोभते का हे मास्तर असते तर सांगू शकले असते. मजकूर असा: 'श्रीधर गानूने घासला, २००५. क्षमा बहिणीने मागितली, २०१४.'

तळ कोरा ठेवला आहे. माझ्या हयातीत दादाने मला सांगावे काय हवे ते. त्याचे नाव, अवनीचे नाव, मोटारीचा नंबर, काहीही कोरून देईन. मात्र शेवटी कडेला सुरीच्या मुठीने टवके पाडणार, तेव्हा त्याने खोलीबाहेर जाऊन थांबावे. त्याआधी मी गेले, तर तळ तसाच राहू द्यावा. ज्याच्या हातात जाईल तो ठरवील.

कलम ७. लिखाण. मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकात वीस वर्षे विनोदी सदर लिहिले. त्याचे हक्क कोणाला हवे असतील तर घ्यावेत. एक लेख सोडून. दोन हजार पाचच्या दिवाळी अंकातला 'मायक्रॉनराव' हा लेख मी याद्वारे मागे घेते.

त्यात एक मोजमापवाला आहे, जो बहिणीकडे जातो आणि जे जे वाकडे दिसेल ते सरळ करत सुटतो. पोळीचा घेर, म्हाताऱ्या शेजाऱ्याचा कणा, देव्हाऱ्यातल्या गणपतीची सोंड. मास्तरांचे ते 'मघाशी नुसताच बरोबर होता' हे वाक्य मी शेवटी त्याच्या डोक्यात हातोडीसारखे घातले. लेख उत्तम होता. तीच तर अडचण. स्टुटगार्टपासून कोलोनपर्यंत लोकांनी तो एकमेकांना वाचून दाखवला. संक्रांतीच्या कार्यक्रमात एका सद्गृहस्थांनी दादाला हाक मारली, "काय मायक्रॉनराव, आमच्या सौंचा वरवंटा जरा गोल करून द्या की!" दादा हसला म्हणे. त्यानंतर तो कुठल्याही कार्यक्रमाला आला नाही. नाटकात काम करायचा तो, पेटी वाजवायचा. नऊ वर्षे कोणी त्याला वाजवताना ऐकलेले नाही.

तेव्हा प्रभावहिनींचा फोन आला होता. आयुष्यात त्यांनी मला एकदाच सुनावले. "वन्सं, तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काही नाही. पण ते घरातलं होतं. घरातलं तुम्ही बाजारात नेऊन विकलंत." मी म्हणाले, "वहिनी, विनोद आहे तो." "हो ना," त्या म्हणाल्या, "हसतायत सगळे. घरात मात्र जेवण जात नाही." आणि फोन ठेवला. पुरणयंत्र यासाठी.

अंकाची संपादक माझी मैत्रीण नंदिनी सबनीस. तिने तेव्हाही विचारले होते, "नक्की छापू?" संपादक असे विचारते तेव्हा छापू नये. तिच्याकडे उरलेल्या प्रती आहेत त्या तिने रद्दी कागदाच्या निळ्या डब्यात टाकाव्यात. लेख मागे घेतल्याचे चार ओळींचे निवेदन यंदाच्या अंकात येत आहे. ते विनोदी नाही. नंदिनीने तीनदा वाचून खात्री करून घेतली.

कलम ८. अंत्यविधी. विजेच्या दाहिनीत, चारुदत्तला सोयीचे पडेल तिथे. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण करू नये. केल्यास 'पोकळी' हा शब्द वापरू नये.

कलम ९. साक्षीदार. इथल्या कायद्याला घरच्या मृत्युपत्रासाठी साक्षीदार लागत नाहीत. माझी सही पुरते. पण आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात, आणि रीत मोडणारी मी कोण? निदान चारुदत्तला मी असेच सांगितले. तो म्हणाला, "ऊर्मिला, भावाला फोन करायला कलम लागत नाही." मी म्हटले, "मला लागतं."

मंगळवारी झिंडेलफिंगेनला फोन लावला. पलीकडून इथल्या पद्धतीप्रमाणे नुसते आडनाव आले, "गानू."

"दादा, मला साक्षीदार पाहिजे."

"कोर्टात कोणावर केस केलीस?"

"नाही. मृत्युपत्राला."

"काय झालं तुला?" हे इतक्या जोरात, की चारुदत्तला स्वयंपाकघरात ऐकू गेले. "ऊर्मे, काय झालंय? डॉक्टर काय म्हणाला?"

"काही झालं नाही रे. चारुदत्तची फाईल. एक कप्पा रिकामा होता."

"कधी?"

"रविवारी."

"रविवारी रुळांचं काम आहे. मध्ये बसने जावं लागतं."

"मग?"

"बघतो."

दादाचा 'बघतो' म्हणजे काय हे चाळीस वर्षे मला समजत असे. आता समजत नाही. वर लिहिले आहे त्यातले मी त्याला फोनवर काहीच सांगितले नाही. सांगायला हवे होते. पण जे मी तीस माणसांसमोर बोलले आणि अख्ख्या जर्मनीतल्या मराठी माणसांना वाचायला दिले, ते फोनवर दोन मिनिटांत परत घेणे मला जमले नाही. तो आला तर साक्षीदार क्रमांक दोनची जागा त्याची आहे. त्याने सही करावी, मजकूर वाचायची गरज नाही. साक्षीदाराने सही पाहायची असते. नाही आला तर ती जागा रिकामी राहील आणि मृत्युपत्र तरीही वैध असेल. कायद्याचे त्यावाचून काही अडत नाही.

वरील नऊ कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, आणि वाचताना दोनदा चष्मा काढावा लागला तरी त्यात फेरफार केलेला नाही. हेच माझे अखेरचे म्हणणे समजावे. अर्थात मी अजून बराच काळ बोलणार आहे.

लुडविग्सहाफेन, शनिवार, दिनांक २७ सप्टेंबर २०१४

(सही) ऊर्मिला चारुदत्त वर्तक

साक्षीदार क्र. १: नंदिनी सबनीस, मानहाइम. सही माझ्यासमोर केली. लेखिका शुद्धीवर होती, नेहमीपेक्षा जास्तच. दि. २७-९-२०१४.

साक्षीदार क्र. २: श्रीधर दिनकर गानू, झिंडेलफिंगेन. रविवार, दि. २८-९-२०१४, दुपारी पावणेदोन. दोन बस बदलून आलो. सौ. प्रभा आणि अवनी बरोबर आहेत. ऊर्मीने तिची सही दाखवली, ती तिचीच आहे. मजकूर वाचायचा नाही असे तिने बजावले होते. ती चहा टाकायला आत गेली तेव्हा मी तो पहिल्यापासून वाचला. कलम सहाला माझी हरकत आहे. क्षमा एकट्या तिनेच का मागायची, हे मी तिला तोंडी विचारणार आहे. आजचा मुक्काम इथेच आहे.